डोंगराखालचं मीठ



माझ्या हातात हा गुलाबी खडा आहे. मागे बसलेल्यांना आणि व्हिडिओ बघणाऱ्यांना दिसावा म्हणून जरा उंच धरतो. रायपूरच्या कुठल्याही किराणा दुकानात हा सेंधा नमक म्हणून मिळतो. आमची आई याला शेंदेलोण म्हणायची. समुद्राचं मीठ उपासाला चालत नाही, हे चालतं, असा तिचा नियम. मी भूशास्त्र शिकायला लागलो तेव्हा तिला म्हटलं, "आई, हेही समुद्राचंच आहे. फक्त तो समुद्र फार जुना." तिने विचारलं, "किती जुना?" मी म्हटलं, "पन्नास-पंचावन्न कोटी वर्षं." त्यावर ती म्हणाली, "मग एवढ्या काळात झालं असेल सोवळं."

सैंधव म्हणजे सिंधूकडचं. पिढ्यान् पिढ्या ते आलं खेवड्याच्या खाणींतून. आज ते गाव पाकिस्तानात आहे. आपल्याकडे हिमाचलात मंडीजवळ गुमा आणि द्रंग इथेही खनिज मीठ आहे. या सगळ्या जागा डोंगररांगांत आहेत. समुद्रात तयार झालेलं मीठ डोंगरात काय करतंय, हा आजचा प्रश्न.

आधी आपल्या पायाखाली बघू. रायपूर उभं आहे छत्तीसगड खोऱ्यातल्या खडकांवर. आपल्या भागातले सिमेंटचे कारखाने चालतात ते इथल्याच चुनखडकावर. सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी आणि त्याच्याही आधी इथे उथळ समुद्र होता. खाणीत उतरलात तर थर वहीच्या पानांसारखे जवळजवळ आडवे दिसतात. बिलासपूरकडे मनियारी नदीच्या नावाने ओळखले जाणारे जांभळट थर आहेत. त्यांत जिप्सम सापडतं. म्हणजे तो समुद्र आटत होता. समुद्राचं पाणी आटताना आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम, आणि पाण्याचा साधारण दहावा हिस्सा उरला की मीठ. मिठागरात हेच होतं. आपल्याकडे गोष्ट जिप्समपर्यंत आली. खेवड्याला ती पुढे गेली आणि मिठाचे जाड थर साचले.

विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगायचो, रायपूरचा दगड बघून दगडाचा स्वभाव ठरवू नका. आपला दगड शांत आहे. मीठ हा मात्र वाहणारा दगड आहे.

चिखल आणि वाळू खोल गाडली गेली की दाबाने घट्ट होतात, जड होतात. मीठ मात्र फारसं दबत नाही. एक लिटरच्या डब्याएवढं खनिज मीठ साधारण २.२ किलो भरतं, आणि खोलवरचा घट्ट झालेला खडक अडीच किलोच्या आसपास. वर जड, खाली हलकं, आणि खालचं मऊ. मग मीठ वाट शोधतं आणि वरचे थर फोडून घुमटासारखं वर येतं. इराणच्या झाग्रोस डोंगरांत तर ते बाहेर पडून हिमनदीसारखं उतारावरून वाहतं.

पर्शियाच्या आखातात होर्मुझ नावाचं बेट आहे. तेलाच्या बातम्यांत हे नाव तुम्ही ऐकता. ते बेट म्हणजे अशाच एका घुमटाचा माथा. जवळच केश्म बेटावर दुसरा घुमट आहे, त्याचं नाव नमकदान. मुंबईच्या आयआयटीतले भूशास्त्रज्ञ सौम्यजित मुखर्जी यांनी उप्साला विद्यापीठाच्या क्रिस्तोफर टाल्बट आणि हेमिन कोयी यांच्याबरोबर या दोन घुमटांचा अभ्यास केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांची युक्ती बघा. नदीत मधलं पाणी वेगाने जातं, काठाचं रेंगाळतं, कारण काठ त्याला धरून ठेवतो. वर येणाऱ्या मिठाचंही तेच. मध्ये ते पुढे निघतं, कडेला अडतं, म्हणून माथा मध्ये फुगलेला दिसतो. त्या फुगवट्याचा आकार आणि काही ठिकाणी मोजलेला मीठ वर येण्याचा वेग हाताशी असला, तर ते मीठ किती घट्ट आहे याचं गणित मांडता येतं. होर्मुझसाठी उत्तर आलं एकावर १८ ते २१ शून्यं, पास्कल-सेकंद या मापात. त्याच मापात मध साधारण १० भरतो. म्हणजे कमीत कमी धरलं तरी हे मीठ मधाच्या एकावर १७ शून्यं इतक्या पटींनी घट्ट, आणि तरीही वाहणारं. वरच्या आणि खालच्या उत्तरांत हजार पटींचा फरक आहे, आणि तो त्यांनी झाकलेला नाही. निसर्गातल्या मोजमापात प्रामाणिक उत्तर अनेकदा असंच रुंद असतं.

आता याचा हिमालयाशी काय संबंध? मुखर्जींचा दुसरा विषय हिमालयच आहे. उच्च हिमालयाचा जो पट्टा आहे, तिथले खडक एके काळी खोलवर, उष्णतेने मऊ झालेले होते. दोन मोठ्या भ्रंशांच्या मधून ते वर ढकलले गेले, सोऱ्यातून चकली यावी तसे, अशी एक मांडणी आहे. सगळ्यांना ती मान्य नाही. ती तपासायला मुखर्जी, कोयी आणि टाल्बट यांनी प्रयोगशाळेत एक चिकट पॉलिमर आडव्या खोबणीतून तिरक्या खोबणीत ढकलला आणि तो बाहेर कसा येतो ते पाहिलं. हा अभ्यास २०१२ चा. नदी, मीठ, पॉलिमर आणि हिमालय यांचं गणित एकाच घराण्यातलं आहे. फरक वेळेचा. मीठ त्यातल्या त्यात घाईचं, म्हणून त्याच्याकडून डोंगराचा स्वभाव शिकता येतो.

मीठ स्वतः वाहतं तसंच ते डोंगरालाही सरकवतं. कॅरम खेळला असाल तर हे सांगायला नको. बोर्डावर पावडर असली की हलक्या टिचकीने सोंगटी पलीकडे जाते. नसली तर जिथल्या तिथे अडते. खेवड्याच्या रांगेखाली मीठ ही ती पावडर. त्याच्यावरून वरच्या थरांची अख्खी चादर सुमारे २० किलोमीटर दक्षिणेला सरकली आहे. म्हणूनच तिथली पुढची रांग मुख्य हिमालयापासून इतकी लांब आहे, आणि मधलं पोटवारचं पठार इतकं रुंद आणि सपाट.

बाकीच्या बहुतेक हिमालयाखाली मिठाचा असा जाड, सलग थर नाही. तिथे तळ अडकून राहतो. भारताचा रेटा मात्र थांबत नाही, दरवर्षी दीड-दोन सेंटिमीटर. तो साठत जातो आणि एका क्षणात सुटतो. ४ एप्रिल १९०५ च्या पहाटे कांगड्याला तो सुटला. सुमारे २०,००० माणसं गेली. तेव्हापासून हिशेब केला तर दोनेक मीटरचा रेटा परत जमा झाला आहे.

मीठ असलं म्हणजे निश्चिंत, असंही समजू नका. कोहाटच्या पठाराखाली मीठ आहे, तरी १९९२ मध्ये तिथे भूकंप झाला. उपग्रहांच्या नोंदी तपासल्यावर कळलं की जमीन तिथेही अडत, सुटत पुढे जाते. कुठे पावडर सांडली आहे आणि कुठे बोर्ड कोरडा आहे, हे इंचाइंचाने शोधावं लागतं.

मला नेहमी विचारतात, या अभ्यासाने भूकंप टळेल का? नाही टळणार. पण कुठला डोंगर गुपचूप सरकतोय आणि कुठला दम धरून बसलाय, हे कळलं तर शाळा कुठे बांधायची, तिच्या खांबांत किती लोखंड घालायचं, हे आधी ठरवता येतं. कांगड्यात आज १९०५ पेक्षा कितीतरी जास्त माणसं राहतात. कोट्यवधी वर्षं जुन्या मिठाची चौकशी करायची ती त्यांच्यासाठी.

समोर बसलेल्या मुलांना एक काम देतो. घरी गेलात की शेंदेलोणाचा खडा हातात घ्या. हाताला तो दगडच लागेल. कोटी वर्षांच्या हिशेबात मात्र तो वाहणारा आहे, आणि त्याच्यावरून डोंगर सरकले आहेत. एवढं बघून झालं की खुशाल उसळीत टाका.