औषध परवाना करारातील ‘हृदयविकार’ या शब्दाची व्याप्ती
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषणाचे शब्दांकन)



धर्मादाय रुग्णालयाच्या सभेत कराराच्या भाषेविषयी कशाला बोलावे, असे आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या देणगीतून घेतलेली गोळी कोणी बनवावी आणि कोणत्या आजारासाठी विकावी, हे पुष्कळदा करारातील एका व्याख्येने ठरते आणि त्यावरच तिची किंमतही अवलंबून असते. पेटंटधारक कंपनी दुसऱ्या कंपनीस परवाना देते तेव्हा तो सरसकट देतेच असे नाही. ‘हृदयविकाराच्या उपचारापुरता’ अशी मर्यादा ती घालू शकते. यास उपयोगक्षेत्र म्हणतात. एकाच औषधाचे एक क्षेत्र एकाकडे आणि दुसरे दुसऱ्याकडे, अशी वाटणी त्यातून होते.

हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. पण त्याची सीमा आखावयास बसले की अडचण कळते. सिल्डेनाफिल या औषधाचा अभ्यास प्रारंभी हृदयशूळासाठी, म्हणजे अंजायनासाठी, झाला. अमेरिकेत १९९८ साली ते पुरुषांतील लैंगिक दुर्बलतेसाठी मंजूर झाले आणि २००५ साली फुफ्फुसांच्या धमन्यांतील उच्च रक्तदाबासाठी, निराळ्या नावाने व निराळ्या मात्रेत. आता हा आजार फुफ्फुसांचा म्हणावा की हृदयाचा? विकृती फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत असते; परंतु त्या भाराने अखेर थकते ती हृदयाची उजवी बाजू.

व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणावर सोपवावी, हा मार्ग सोपा वाटतो. आयसीडी-१० मध्ये रक्ताभिसरणाच्या विकारांचे नववे प्रकरण आहे आणि मेंदूतील रक्तवाहिन्यांचा आघात त्यातच येतो. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या आयसीडी-११ मध्ये मात्र तोच आघात मज्जासंस्थेच्या विकारांत गेला. करारात आवृत्ती लिहिलेली नसेल, तर रुग्ण तोच आणि औषधही तेच असूनही हक्क कोणाचा याविषयी वाद उभा राहील. आणखी एक गोष्ट आपल्या बालरुग्ण विभागाने ध्यानी घ्यावी. आयसीडी-१० मध्ये जन्मजात हृदयदोष नवव्या प्रकरणात नाहीत; ते सतराव्यात, जन्मजात व्यंगांत आहेत. केवळ नववे प्रकरण सांगणाऱ्या व्याख्येतून हृदयाला छिद्र असलेली बालके निसटतात, आणि तसा कोणाचाही हेतू नसतो.

‘उपचार’ या शब्दाचेही तसेच. झटक्यातून वाचलेल्या रुग्णास स्टॅटिन देतात ते दुसरा झटका येऊ नये म्हणून. हा उपचार की प्रतिबंध? करारात दोन्ही शब्द नसतील तर हृदयरोगशास्त्रातील फार मोठा औषधोपचार वादाच्या कक्षेत येईल. माझ्या मते या एका शब्दाकडे जितके लक्ष जावयास हवे, तितके जात नाही.

कार्व्हेडिलॉलचे उदाहरण याहून बोलके आहे. तो खटला परवाना कराराचा नव्हे, पेटंटभंगाचा होता. पण प्रश्न हाच, की एका उपयोगाची हद्द कोठे संपते? अमेरिकेत हे औषध १९९५ साली रक्तदाबासाठी, १९९७ साली हार्ट फेल्युअरसाठी आणि २००३ साली झटक्यानंतर हृदयाचा डावा कप्पा दुर्बल झालेल्या रुग्णांसाठी मंजूर झाले. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनचे पेटंट हार्ट फेल्युअरमधील उपयोगावर होते. म्हणून टेव्हा कंपनीने २००७ साली आपली स्वस्त गोळी आणताना माहितीपत्रकातून तेवढा उपयोग वगळला आणि उरलेले दोन ठेवले. परंतु डावा कप्पा दुर्बल झालेल्यांपैकी अनेकांस हार्ट फेल्युअरची लक्षणे असतातच. माहितीपत्रकातही ‘लक्षणे असोत वा नसोत’ अशाच आशयाचे शब्द होते. २०१७ साली ज्यूरीने सुमारे साडेतेवीस कोटी डॉलरांची भरपाई ठरविली. २०१८ साली न्यायाधीशांनी ती रद्द केली. अपील न्यायालयाने २०२० साली आणि फेरसुनावणीनंतर २०२१ साली ती पुन्हा कायम केली, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. कागदावर वेगळे केलेले दोन आजार एकाच रुग्णाच्या छातीत नांदत होते, आणि त्याची किंमत स्वस्त औषध बनविणाऱ्याला मोजावी लागली.

भारतात स्थिती काहीशी निराळी आहे. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(डी) नुसार ज्ञात द्रव्याच्या केवळ नव्या उपयोगास पेटंट मिळत नाही. गरीब रुग्णाच्या दृष्टीने हे कलम मला मोलाचे वाटते. तथापि ते पेटंटापुरते आहे. मूळ द्रव्याचे पेटंट चालू असेल, तर परवान्यात उपयोगाची कुंपणे घालण्याचा प्रयत्न होऊ शकतो, आणि तीच अट पुढे पुरवठ्याच्या वा देणगीदाखल औषधांच्या करारातून रुग्णालयापर्यंत येऊ शकते.

म्हणून विश्वस्तांस माझी विनंती आहे. असा करार समोर आला की किमतीच्या पानाआधी व्याख्यांचे पान वाचावे, आणि ते आपल्या हृदयरोगतज्ज्ञांनी व बालरोगतज्ज्ञांनीही वकिलांसमवेत वाचावे. वर्गीकरणाची आवृत्ती नमूद आहे का, जन्मजात दोष आणि प्रतिबंध त्यात येतात का, आणि एकाच रुग्णास दोन आजार असल्यास काय करावयाचे, हे स्वाक्षरीपूर्वी लेखी विचारावे. उत्तर समाधानकारक नसल्यास शब्द बदलून मागण्यास संकोच करू नये. मसुदा दुसऱ्या पक्षाने केलेला असला तरी स्वाक्षरी आपली असते.