माळरानावरचे नृत्यगाव



देवनहळ्ळीचे हे संमेलन ज्या मुलखात भरत आहे, त्याचे मराठी माणसाशी आणि नृत्याशी जुने नाते आहे. १६३८ मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या हाती आल्यावर ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले; त्यांचे पुत्र व्यंकोजी पुढे तंजावरचे अधिपती झाले, आणि त्यांच्या वंशातील दुसरे सरफोजी यांच्या आश्रयाने चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम व वडिवेलू या चार बंधूंनी आजच्या भरतनाट्यमच्या सादरीकरणाचा क्रम बांधून दिला. खुद्द सरफोजींच्या नावावर मराठी निरूपणे आहेत. निरूपण म्हणजे एका कथासूत्रात गुंफलेली, ठरलेल्या क्रमाने नाचायच्या रचनांची मालिका. या बंधूंपैकी चिन्नय्या पुढे म्हैसूरच्या दरबारात आले, आणि तंजावरची ही विद्या कन्नड भूमीत पसरली.

तथापि येथे अधिक विस्ताराने सांगण्याजोगा आहे तो अलीकडच्या एका शाळेचा इतिहास. देवनहळ्ळीच्या उत्तरेकडील नंदीच्या डोंगरात उगम पावणारी अर्कावती नदी नैर्ऋत्येला वाहत जाऊन हेसरघट्टा येथे पोहोचते, आणि तेथील तलावाच्या परिसरात ‘नृत्यग्राम’ वसलेले आहे. ओडिसी नर्तकी प्रोतिमा बेदी यांनी ते उभारले. गुरू केलुचरण महापात्र यांच्याकडे शिक्षण घेतल्यावर मुंबईत जुहूच्या पृथ्वी थिएटरात त्यांनी नृत्यवर्ग चालवला होता. परंतु आठवड्यातून ठरावीक तास शिकवून नर्तक घडत नाही, त्यासाठी गुरूच्या सहवासात राहूनच शिकण्याची व्यवस्था, म्हणजे गुरुकुल, हवी, अशी त्यांची धारणा झाली. कर्नाटक शासनाकडून भाडेपट्ट्याने मिळालेल्या सुमारे दहा एकर माळरानावर गोव्याचे वास्तुशिल्पी जेरार्ड द कुन्या यांनी दगड-मातीची घरे, तालमीच्या जागा आणि खुले रंगमंडल रचले, आणि मे १९९० मध्ये तत्कालीन पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या हस्ते संस्थेचे उद्घाटन झाले.

संस्थापिकेच्या वादळी आयुष्याविषयी वृत्तपत्रांतून इतके लिहिले गेले की, शाळेचा खरा इतिहास त्याआड झाकला गेला. तो इतिहास रोजच्या तालमीत शोधावा लागतो. ओडिसीत शरीराच्या दोन मूळ ठेवणी आहेत: ‘चौक’, म्हणजे गुडघे बाहेरच्या बाजूला वळवून, भार दोन्ही पायांवर सारखा तोलून घेतलेली, जगन्नाथाच्या मूर्तीची आठवण देणारी चौकोनी ठेवण, आणि ‘त्रिभंग’, म्हणजे मान, धड व गुडघा अशा तीन ठिकाणी वळणारी ठेवण. चौकात खाली बसलेले शरीर वर न उचलता पाय आपटायचा, कंबर स्थिर राखायची आणि नजर हाताबरोबर न्यायची, हे साधायला वर्षे लागतात. त्यासाठी येथे नृत्याबरोबर योग, व्यायाम आणि केरळच्या कळरीपयट्टू या युद्धकलेतील अभ्यासही जोडला गेला; शिवाय आवाराची झाडलोट व भाजीपाल्याची लागवड हीसुद्धा शिक्षणाचाच भाग मानली गेली.

आसपासच्या खेड्यांतील मुलांसाठी येथे विनाशुल्क वर्ग भरत. शेजारच्या गावातून लहानपणी अशा वर्गाला आलेल्या पवित्रा रेड्डी पुढे संस्थेच्या प्रमुख नर्तकी झाल्या, आणि ओडिशातील मंदिरांतून व आखाड्यांतून आलेली शैली कन्नड खेड्यातील मुलीच्या अंगात पूर्णपणे मुरली, ही या शाळेच्या इतिहासातील सर्वांत मोलाची घटना मानली पाहिजे. कला जन्मभूमीपासून दूर रुजण्याचे उदाहरण अन्यत्रही आढळते: १८९३ मध्ये आयर्लंडमध्ये स्थापन झालेल्या गेलिक लीग या भाषा-संस्कृतिरक्षक संघटनेने ‘केली’ नावाचा सामुदायिक नृत्यमेळावा पहिल्यांदा भरवला तो १८९७ मध्ये लंडनला, आणि आज आयरिश नृत्याच्या शाळा अनेक खंडांत चालतात.

ऑगस्ट १९९८ मध्ये कैलास-मानसरोवराच्या वाटेवर मालपा येथे दरड कोसळून प्रोतिमा बेदी यांचे निधन झाले. व्यक्तीभोवती उभ्या राहिलेल्या संस्था अशा आघातानंतर सहसा मोडतात. नृत्यग्राम टिकले, कारण पहिल्या शिष्या सुरूपा सेन यांच्याकडे नृत्याची धुरा होती, बिजयिनी सत्पथी यांनी अध्यापनाची पद्धत घडवली आणि प्रकाशयोजनाकार लिन फर्नांडिस यांनी व्यवस्थापन सांभाळले. श्रीलंकेच्या चित्रसेना नृत्यसंस्थेसह केलेली ‘संहार’ ही निर्मिती याच पिढीची. मात्र १९९४ मध्ये सुरू झालेला ‘वसंत हब्बा’, म्हणजे रात्रभर चालणारा वसंतोत्सव, २००४ नंतर निधीअभावी थांबला. अखेरच्या उत्सवास सुमारे ४० हजार रसिक आले होते.

२००८ मध्ये देवनहळ्ळीत विमानतळ सुरू झाल्यापासून या पट्ट्यातील जमिनीचे रूप झपाट्याने पालटत आहे, आणि गुरुकुलाला लागणारी मोकळी जागा व निवांतपणा दोन्ही दुर्मीळ होत आहेत. म्हणून तालमीच्या वह्या, ध्वनिमुद्रणे, वेशभूषा आणि गावातील पहिल्या विद्यार्थ्यांच्या आठवणी यांची नोंद आताच व्हावी, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे. उपस्थित अभ्यासकांनी आपापल्या गावच्या नृत्यशाळांविषयीही असे टिपण करण्याचे काम याच संमेलनात वाटून घ्यावे.