कॉफीचे वाफपात्र : त्याची दुखणी आणि निगा

सातारा-सांगलीकडच्या घरांतून कॉफी ही पुष्कळ वर्षे चहाच्या धाकट्या जावेसारखी वावरली. उपासाचा दिवस, चहा न घेणारा पाहुणा, परीक्षेसाठी जागणारा मुलगा, अशा प्रसंगीच तिची आठवण व्हावयाची. आणि मग पातेल्यात दूध, साखर, चमचाभर पूड व वर किसलेले जायफळ, असा सरळ मार्ग असे. त्या मार्गात बिघडण्यासारखे यंत्र कोणतेच नव्हते. अलीकडे मात्र पुण्या-मुंबईच्या दुकानांतून, किंवा परदेशी राहणाऱ्या मुलांच्या सामानातून, अष्टकोनी बांध्याचे एक लहानसे ॲल्युमिनियमचे पात्र या घरांत येऊ लागले आहे. मोका हे त्याचे नाव. पहिले आठ दिवस त्याचे कौतुक होते, नवव्या दिवशी ते सांध्यातून फुसफुसू लागते, आणि महिन्याभरात फडताळाच्या वरच्या कप्प्यात जाऊन बसते. काही घरांतून याच्या उलट घडते. पात्र चालते आहे ना, मग त्याच्याकडे पाहावयाचे कशाला, अशी वृत्ती असते. आणि त्याच्या अंगावरची झडप केव्हाच मुकी झालेली असते. पहिल्या प्रकारात एका कपाची कॉफी बुडते. दुसऱ्यात स्वयंपाकघरातल्या माणसाला इजा होण्याचा संभव असतो. श्रोतेहो, या दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत, आणि त्यासाठी कारागीर बोलवावा लागत नाही.

हे पात्र १९३३ साली उत्तर इटलीत आल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यात जन्मास आले. त्यांचे चिरंजीव रेनातो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा घरोघर प्रसार केला. इतका की २०१६ साली ते वारले तेव्हा त्यांची रक्षा भल्या मोठ्या मोका पात्रातच ठेवण्यात आली. नाव मात्र इटलीचे नव्हे. येमेनच्या मोखा बंदरातून कॉफी जगभर जात असे, त्यावरून ते पडले. बाबा बुदन यांनी चिकमगळूरच्या डोंगरात कॉफीचे बी आणले ते येमेनमधूनच, अशी आख्यायिका आहे. तेव्हा नाते अगदीच परके म्हणता येत नाही.

पात्राचे भाग तीन. खाली पाण्याचे भांडे. त्यात उतरणारे नरसाळे, ज्याच्या वरच्या वाटीत कॉफीची पूड राहते. आणि वर तयार कॉफी साठणारे भांडे. वरच्या भांड्याच्या तळाशी बारीक छिद्रांची चकती आणि तिच्याभोवती रबराचे किंवा सिलिकोनचे कडे, म्हणजे आपल्या बोलीतला वायसर. दोन्ही भांडी आट्यांनी एकमेकांत घट्ट बसतात. खाली आच लागली की पाण्यावर कोंडलेली हवा आणि वाफ फुगते, पाण्याला खाली दाबते, आणि जायला दुसरी वाट नसल्यामुळे पाणी नरसाळ्यातून वर चढते, पुडीतून पार होते व वरच्या भांड्यात उतरते. पाणी उकळल्यावरच हे होते असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. कॉन्चेटो जानिनो यांनी या पात्रावर प्रयोग करून २००७ साली अमेरिकेतील पदार्थविज्ञानाच्या एका मासिकात निबंध लिहिला. त्यावरून असे दिसते की पाणी उकळण्याच्या पुष्कळ आधीच चढू लागते. दुकानातल्या मोठ्या एस्प्रेसो यंत्रात दाब नऊ वातावरणांइतका असतो. या पात्रातला दाब त्याच्या मानाने अगदी अल्प. म्हणून येथे तयार होणाऱ्या पेयाला एस्प्रेसो म्हणणे हा केवळ शिष्टाचार होय.

आता दुखण्यांकडे वळू. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हा विषय समजावून सांगण्याची गरजच पडणार नाही. किर्लोस्करवाडी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर वसली, आणि पुढे तिच्या कारखान्यातले पंप गावोगाव गेले. पंप चालू असून पाणी चढत नाही म्हटल्यावर अनुभवी माणूस पंपाला शिव्या देत नाही. तो आधी सांधा पाहतो. कोठे तरी हवा ओढली जात असते. मोका पात्रात दिशा तेवढी उलटी. येथे वाफ बाहेर निसटते, आणि निसटलेल्या वाफेमागे पाण्याला वर ढकलणारे बळही जाते. आट्यांच्या कडेने बुडबुडे दिसले, फुसफुस ऐकू आली आणि वरचे भांडे कोरडे राहिले, की रोग हाच.

त्याचे कारण पुष्कळदा क्षुल्लक असते. पूड भरताना वाटीच्या काठावर चार कण सांडतात, आणि ते वायसराखाली खड्यासारखे बसतात. बोटाने काठ पुसून घेतला की काम झाले. पूड शिगोशीग भरून वर ढीग केला तरी हेच होते. कधी आटे तिरके बसलेले असतात. अशा वेळी जोर न लावता भांडे उलट फिरवावे, आटा जागेवर पडल्याची खूण हाताला कळते, मग पुढे फिरवावे. घट्ट करताना मात्र मुठीला धरू नये. मूठ तुटते. पात्राचे अंगच धरावे.

एवढे करूनही फुसफुस राहिली तर वायसर पाहावा. चांगला वायसर बोटाने दाबला असता दबतो आणि पुन्हा उठतो. ज्याच्यावर काठाची खोल खाच कायमची उमटली आहे, जो पिवळा पडून टणक झाला आहे किंवा ज्याला चिरा गेल्या आहेत, तो टाकावा. लाकडी काडीने तो कडेने उचकटता येतो. सुरीने काढू नये, कारण ॲल्युमिनियम मऊ असते आणि तेथे पडलेला ओरखडा नव्या वायसरालाही दाद देत नाही. त्याच वेळी वरची चकतीही निघते. तिच्या पाठीमागे जे काळे कीट साचलेले दिसते, ते पाहून कित्येक गृहिणींना आपण इतके दिवस काय पीत होतो असा प्रश्न पडतो.

नवा वायसर मिळवणे हे लहान गावात थोडे कष्टाचे काम. साताऱ्याच्या मोती चौकात किंवा सांगलीच्या गणपती पेठेत कुकरचे वायसर मागाल तितके मिळतील. मोकाचा मिळेलच असे नाही. तो मागवताना पात्र किती कपी आहे ते सांगावे लागते, कारण तीन कपी व सहा कपी यांची मापे निराळी. (हे कप इटलीचे बरे का! तीन कपी पात्रातून निघणारी कॉफी आपल्याकडच्या एका मोठ्या कपात मावते. तिच्यात दूध घालून तिघांची सोय होते ही गोष्ट वेगळी.) सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर कापून बसवण्याची हौस काहींना असते. ते रबर अन्नासाठी केलेले नसते, तापल्यावर त्याचा वास कॉफीत उतरतो. हा उपाय कितीही स्वस्त असला तरी करू नये.

दुसरे दुखणे कोंडण्याचे. येथे वाफ निसटत नाही. वाट बंद असते म्हणून पाणी चढत नाही, आणि हे पहिल्यापेक्षा गंभीर आहे. याचे मूळ बहुधा पुडीत असते. दक्षिणी पितळी गाळणीपात्रासाठी दळलेली पूड फार बारीक असते आणि तिच्यात चिकोरीची भर असते. पितळी पात्रात थेंब थेंब गळावयाचे असते, घाई कोणालाच नसते. तेथे ती शोभते. मोकात तीच पूड भिजून चिखलासारखी बसते. वर कोणी चमच्याने दाबून बसवली, तर मग विचारूच नका. मोकासाठी पूड बारीक रव्यासारखी हवी, मैद्यासारखी नको. चिकोरी शक्यतो नको. आणि वाटी दाबून न भरता सपाट भरावी. घरच्या मिक्सरमध्ये दळणाऱ्यांनी त्यात आदल्या दिवशी हळद दळली नव्हती ना, एवढे पाहावे. सांगलीत ही सूचना अनाठायी वाटू नये. जायफळ, वेलदोडा, साखर यांपैकी काहीही वाटीत किंवा खालच्या भांड्यात घालू नये, आणि दूध तर मुळीच नाही. खालच्या भांड्यात फक्त पाणी. जायफळ हवेच असेल तर कपात किसावे. त्याने चवीत काही उणे पडत नाही.

वाट कोंडली तर पात्राला एकच आधार उरतो. खालच्या भांड्याच्या अंगावर पितळेची जी लहानशी गुंडी दिसते, ती शोभेची नाही. ती झडप. दाब मर्यादेबाहेर गेला की तिच्यातली स्प्रिंग दबते आणि वाफ बाहेर पडते. पाणी नेहमी या झडपेच्या खालपर्यंतच भरावे, म्हणजे तिच्या तोंडाशी वाफ राहील, पाणी राहणार नाही. शेगडीवर ठेवताना तिचे तोंड भिंतीकडे करावे. ती कधी शिट्टीसारखा आवाज करून वाफ सोडू लागली तर गॅस बंद करून दूर व्हावे, आणि पात्र पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नये. दाबाखालचे पात्र आटे फिरवून उघडणे म्हणजे वाफ भरलेला कुकर फोडण्यासारखेच.

क्षार चढून झडप अडकते, आणि अडकलेली झडप बाहेरून पूर्वीसारखीच दिसते. म्हणून महिन्यातून एकदा तिची परीक्षा घ्यावी. भांडे थंड व रिकामे असताना आतल्या बाजूने बारीक लाकडी काडीने झडप हलकेच दाबावी. ती हलली आणि परत आपल्या जागी आली तर जिवंत आहे. हलली नाही, तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भांडे ऊन करून पाहावे. तरीही हलली नाही, तर नवी बसवावी, आणि ती बसवता येत नसेल तर ते खालचे भांडे टाकून द्यावे. तिच्यातून थोडी वाफ येते म्हणून वरून एपॉक्सीची लुगदी थापणारे लोक असतात. स्टोव्हच्या टाकीची गळती साबणाने बुजवण्याची जुनी सवय त्यांच्या हातात असावी! परंतु झडप बुजवलेले पात्र आचेवर ठेवणे हा खेळ नव्हे.

चवीच्या तक्रारी मात्र निराळ्या. कॉफी करपट व कडवट लागते तेव्हा आच मोठी असते, किंवा पात्र फार वेळ विस्तवावर राहिलेले असते. आपल्या गॅसच्या शेगडीची ज्योत या चिमुकल्या भांड्याला झेपत नाही. ती कडेने वर येऊन मूठही वितळवते. लहान बर्नर घ्यावा, आच मंद ठेवावी, भांडे डगमगत असेल तर वर जाळी ठेवावी. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचे पात्र तापतच नाही. मध्ये लोखंडी तवा ठेवून काम भागते. झाकण उघडे ठेवून पाहत राहावे. आधी गडद धार येते, मग ती मधासारखी होते, आणि फिकी होऊन खदखद सुरू झाली की खालचे पाणी संपत आले असे समजावे. त्या खदखदीच्या आधीच पात्र उतरवून तळाला ओले फडके लावावे. खाली थोडे पाणी शिल्लक राहते तो दोष नव्हे. नरसाळ्याचे टोक तळाला टेकलेले नसते, म्हणून ते राहणारच. कॉफी पाणचट होत असेल तर वाटी अर्धी भरलेली असते किंवा पूड जाडी असते.

काही चिकित्सक मंडळी उंचीला दोष देतात. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटर, सांगली सुमारे ५५०. पाणी उकळण्याच्या तपमानात या दोन गावांत एका अंशाचाही फरक पडत नाही. महाबळेश्वरी पाणी ९५-९६ अंशांवर उकळते हे खरे. पण तेथेही फुसफुसणाऱ्या पात्राचा वायसरच तपासावा.

पाण्याचा फरक मात्र खरोखर आहे. कासच्या तलावात जांभ्याच्या पठारावरचे पावसाचे पाणी साठते, ते मृदू असते. साताऱ्याच्या ज्या घरांना ते मिळते तेथे पात्राला पुटे चढायला वेळ लागतो. सांगली-मिरजेकडे ज्यांना विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी वापरावे लागते, ज्यात साबणाला फेस येत नाही, त्यांच्या पात्रात काही आठवड्यांतच पांढरा थर दिसतो. त्यासाठी पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवून, पुडीशिवाय, पात्र एकदा चालवावे, नंतर साध्या पाण्याने दोनदा. आम्ल रात्रभर ठेवू नये. ते क्षार संपल्यावर धातूकडे वळते. धुण्याचा सोडा तर ॲल्युमिनियमचा वैरीच. त्याने पात्र काळे पडते. रोजच्या घासण्याला कोमट पाणी आणि मऊ फडके पुरे. साबण लागलाच तर सौम्य घ्यावा व पुष्कळ पाण्याने धुऊन टाकावा. तारेचा काथ्या पितळी तपेल्यासाठी राखून ठेवावा.

घासल्यावर तिन्ही भाग पुसून, सुटे करून, उताणे ठेवावेत. ओले पात्र घट्ट बंद करून ठेवले तर आत कुबट वास धरतो आणि वायसर दाबाखाली राहून लवकर टणक होतो. गावाला जाताना तर वायसर काढून ठेवलेला बरा. तो कोठे ठेवला हे मात्र घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे.