वेगाची किंमत आणि भरवशाची किंमत



एखाद्या सेवेसाठी ग्राहक किती पैसे मोजावयास तयार आहे, हे त्याला विचारून सहसा कळत नाही. विचारले असता तो एक सांगतो आणि दुकानात गेल्यावर दुसरेच करतो. त्याच्या कृतीवरून मात्र बरेच काही कळते. मोबाइलवरील इंटरनेटच्या बाबतीत अशी एक मोठी कसोटी भारतात २०२४ साली आपोआप घडून आली. त्या वर्षीच्या जुलै महिन्याच्या प्रारंभी रिलायन्स जिओ, भारती एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या तिन्ही खाजगी कंपन्यांनी आपले दर वाढविले. बहुतेक योजनांतील वाढ दहा ते पंचवीस टक्क्यांच्या घरात होती. सरकारी मालकीच्या भारत संचार निगमने त्या वेळी दरवाढ केली नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीप्रमाणे, त्या एका महिन्यात निगमचे ग्राहक सुमारे २९ लाखांनी वाढले, तर तिन्ही खाजगी कंपन्यांचे मिळून ३८ लाखांहून अधिक ग्राहक कमी झाले.

भारतीय ग्राहक फक्त दर पाहतो, असा निष्कर्ष यावरून पुष्कळांनी काढला. तो घाईचा होता. देशातील मोबाइल जोडण्यांची संख्या तेव्हा ११६ कोटींच्या पुढे होती. तिच्या मानाने ३८ लाख हा आकडा अल्पच म्हणावा लागेल. शिवाय त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निगमची ग्राहकसंख्या पुन्हा घटली. निगमची चौथ्या पिढीची सेवा तोवर सर्वत्र पोहोचलेली नव्हती. स्वस्त सिमकार्ड घेऊन पाहणाऱ्यांपैकी सगळेच त्यावर टिकले नाहीत, असा याचा अर्थ लावण्यास जागा आहे. अर्थात ज्यांनी वाढीव दर निमूटपणे भरला, ते सर्व समाधानी होते असेही समजण्याचे कारण नाही. बँकेचा सांकेतिक क्रमांक ज्या मोबाइलवर येतो, तो बंद ठेवून चालत नाही. नाइलाजाने दिलेला पैसा आणि खुशीने दिलेला पैसा हिशेबाच्या वहीत मात्र सारखाच दिसतो.

मग अधिक वेगासाठी ग्राहक खुशीने किती देईल? पाचव्या पिढीची सेवा भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. आरंभी तिचा अमर्याद वापर जवळजवळ विनामूल्यच देण्यात आला. जुलै २०२४ च्या दरवाढीबरोबर ही सवलत रोज किमान २ जीबी डेटा असलेल्या योजनांपुरती ठेवण्यात आली. जिओच्या त्या वेळच्या दरपत्रकात २८ दिवसांसाठी रोज दीड जीबीचा दर २९९ रुपये आणि रोज २ जीबीचा ३४९ रुपये होता. म्हणजे मधल्या ५० रुपयांत अर्धा जीबी आणि नवा वेग अशा दोन्ही गोष्टी एकाच पुडीत बांधलेल्या होत्या. त्यांतील वेगाचे मोल किती, हे ग्राहकाला वेगळे काढता येत नाही. विक्रेत्याला ते वेगळे दाखवावयाचे असतेच असेही नाही.

अमेरिकेत ग्रेगरी रॉस्टन, स्कॉट सॅव्हेज आणि डोनाल्ड वॉल्डमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली घरगुती इंटरनेटच्या संदर्भात हीच पुडी सोडवून पाहिली. मंद सेवेऐवजी वेगवान सेवा मिळणार असेल तर सामान्य कुटुंब दरमहा सुमारे ४५ डॉलर जास्त देईल, असे त्यांना आढळले. वेगवान नव्हे, अतिवेगवान सेवा मिळणार असेल तर ४८ डॉलर. पहिल्या पायरीचे मोल ४५ आणि दुसरीचे अवघे तीन! सेवा अधिक भरवशाची होणार असेल तर त्याबद्दल सुमारे २० डॉलर देण्याची तयारी होती. तेथील उत्पन्नमान वेगळे, आणि ही सेवा घरातली, मोबाइलवरची नव्हे. तेव्हा ते आकडे येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. परंतु पायऱ्यांचा हा उतार ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २०२० च्या टाळेबंदीत रेंज शोधण्यासाठी टेकडी चढणाऱ्या विद्यार्थ्याला जगातील सर्वांत वेगवान सेवा नको होती. शिक्षकांचा आवाज मध्येच तुटू नये, एवढीच त्याची गरज होती.

अडचण अशी की हा भरवसा विकत घ्यावयाचा कसा? एका टॉवरची क्षमता त्याच्या कक्षेतील सर्वांत वाटली जाते. एकाला प्राधान्य दिले की गर्दीच्या वेळी दुसऱ्याच्या वाट्याला तेवढे कमी येते. जास्त पैसे देणाऱ्या ग्राहकांना अधिक वेग देऊ, अशा एअरटेलच्या ‘प्लॅटिनम’ आणि व्होडाफोन आयडियाच्या ‘रेडएक्स’ योजनांना जुलै २०२० मध्ये नियामक प्राधिकरणाने तूर्त स्थगिती दिली, ती याच शंकेपोटी. व्होडाफोन आयडियाने त्याविरुद्ध दूरसंचार लवादाकडे दाद मागितली आणि तिला अंतरिम दिलासाही मिळाला. तरी इतरांची सेवा खालावणार नाही याचा पुरावा काय, हा प्राधिकरणाचा प्रश्न रास्तच होता.

जेथे एकाच कंपनीचा टॉवर आहे, तेथे तर ग्राहकाची तयारी कृतीतून दिसण्यास वावच नाही. कंपनी बदलून क्रमांक तोच ठेवण्याची सोय देशभर २०११ पासून आहे. पण बदलून जावयाचे कोठे? ज्या वस्तीच्या रिचार्जमधून टॉवरचा खर्च निघत नाही, तिच्यासाठी डिजिटल भारत निधी आहे. कंपन्यांच्या समायोजित महसुलातून ५ टक्के रक्कम त्यासाठी घेतली जाते. ती अखेर ग्राहकांच्याच खिशातून येते. तेव्हा दुर्गम पाड्यावरील सेवा ही कोणाची मेहेरबानी नव्हे. तिचा दाम सर्वांनी मिळून आधीच मोजलेला आहे.

भारतात बहुसंख्य ग्राहक आगाऊ पैसे भरणारे आहेत. माप पाहण्याआधीच त्यांनी दाम दिलेला असतो. म्हणून १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आलेल्या सेवागुणवत्तेच्या नियमांचे महत्त्व मोठे आहे. कोणत्या भागात कोणत्या पिढीची सेवा मिळते, याचे नकाशे कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळांवर प्रसिद्ध करावयाचे आहेत. ग्रामपंचायतीने हा नकाशा उघडून शाळा, दवाखाना आणि रास्त भाव दुकान येथील प्रत्यक्ष स्थितीशी ताडून पाहिला, तर तक्रारीला आधार मिळेल. त्याच नियमांत भरपाईचीही तरतूद आहे. सेवा २४ तासांहून अधिक काळ खंडित राहिल्यास मासिक देयक भरणाऱ्याला आकारात सूट, आणि आगाऊ पैसे भरणाऱ्याला एप्रिल २०२५ पासून मुदतवाढ मिळावयाची आहे. मात्र हा खंड संपूर्ण जिल्ह्याचा असावा लागतो. एखाद्या गावचा एकुलता टॉवर चार दिवस बंद राहिला, तर त्या गावाच्या २८ दिवसांतील ते चार दिवस या तरतुदीत बसत नाहीत.