समुद्राचे चित्र आणि रविवारची सुटी



कामगार संघटनेच्या माणसाने चित्रकलेवर बोलावे, याचे विठ्ठलवाडीतल्या काही मंडळींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा म्हणजे कारखान्याचे फाटक आणि वाचनालय. तेव्हा कलेच्या शास्त्रार्थात आम्ही शिरणार नाही. आमच्या हातून घडलेली एक चूक तेवढी सांगणार आहोत. पण ती कळण्यासाठी आधी रंगांविषयी चार शब्द बोलणे भाग आहे.

समुद्राची आणि पशुपक्ष्यांची चित्रे मुख्यत्वे दोन माध्यमांत होतात. तैलरंगात रंगाची भुकटी जवसाच्या तेलात घोटलेली असते. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होते. त्यामुळे चित्रकाराला सवड मिळते. लाट चुकली तर खरवडून पुन्हा काढता येते. जलरंगाची तऱ्हा निराळी. तेथे रंग डिंकात बांधलेला असतो, आणि पारदर्शक पद्धतीत पांढरा रंग वापरीतच नाहीत. कागदाचा पांढरेपणा राखायचा. तोच लाटेचा फेस आणि तोच बगळ्याचा पंख. एकदा झाकला की गेला! जनावर तर कोणासाठी उभे राहत नाही. तबेल्यातली म्हैस मान वळवते, तेवढ्यात तिच्या पाठीची रेघ पकडावी लागते.

या जलरंगात समुद्र उभा करणारे आपले चित्रकार म्हणजे प्रल्हाद अनंत धोंड (१९०८–२००१). जे. जे. कलाशाळेत त्यांनी पिढ्या घडविल्या. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नाव ‘रापण’. कोकणात रापण कशी लावतात ते आपणांस ठाऊक असेल. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडायचे आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोके पुष्कळ माणसांनी मिळून ओढायची. मासळीचे वाटे सर्वांत पडतात. समुद्राच्या चित्रकाराने हे नाव निवडावे, याचे आम्हांला फार अप्रूप वाटते. आणि पंढरपुरात जन्मलेले हुसेन? त्यांचे घोडे जगभर गेले. पण उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून ते पोट भरीत. म्हणजे कला आणि मजुरी यांची सोयरीक जुनीच आहे.

आता आमची चूक. १९९७ साली एका कारखान्यात संप चालू होता. आम्ही तेव्हा तिशीच्या आतले, रक्त गरम. रंगखात्यातले एक वडीलधारे सहकारी सुटीच्या दिवशी दुर्गाडीखाली खाडीकाठी रंगांची पेटी घेऊन बसत. संपाच्या चाळिसाव्या दिवशी मांडवाच्या कोपऱ्यात ते चित्र काढताना दिसले. आम्ही चारचौघांत म्हणालो, “अण्णा, लोकांच्या चुली विझल्या आणि तुम्ही बगळे रंगवता?” ते काही बोलले नाहीत. पेटी मिटली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आमचे फलक रंगविले, आणि उत्तम रंगविले. चित्र मात्र पुन्हा काढले नाही.

गेल्या वर्षी त्यांनी जुनी वही आमच्या हाती दिली. तीत खाडी आहे, तिवरे आहेत, वाळूच्या होड्या आहेत. वालधुनीचे पाणी काळे दिसत होते तसे काळेच आहे. शेवटच्या पानावर आभाळ धुऊन झाले आहे, दोन बगळ्यांची जागा राखली आहे, आणि खालचा कागद कोरा आहे. तो कोरेपणा आमच्या खाती जमा आहे.

१८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झटण्याने. ही गोष्ट आम्ही शेकडो सभांतून सांगितली. पण रविवार कशासाठी हवा, हे आम्ही कधी स्वतःला विचारले नाही. निजण्यासाठी हवा, बाजारहाटासाठी हवा, आणि खाडीकाठी बसून बगळा पाहण्यासाठीही हवा. जो हक्क आम्ही मागत होतो, तोच बजावणाऱ्या माणसाला आम्ही दटावले! भाकरीचा लढा खोटा नव्हता. आमचा हिशेब अपुरा होता.

त्या वहीतली सहा चित्रे आज बाहेरच्या ओट्यावर लावली आहेत. नाव घालू नका, असे अण्णांनी बजावले आहे. जाताना ती पाहावीत, आणि आपल्या घरात कोणी असे काही काढीत बसले असेल, तर त्याला “हे काय काढलेस?” एवढेच विचारावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.