फोटोत दिसेल तेच घरी पोचलं पाहिजे
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेली मांडणी)



आपल्या गोधड्या, खणाचे उशीचे अभ्रे आता मोबाईलवरही विकले जातात. तिथलं गिऱ्हाईक कापड हाताने चाचपून बघत नाही, त्याच्यापुढे फक्त फोटो असतो. म्हणजे फोटो हा आपण दिलेला शब्दच. फोटोत भडक लाल दिसलं आणि घरी विटकरी पोचलं, तर माल परत येतो. जाण्यायेण्याचा खर्च आपल्या डोक्यावर, आणि गटाच्या कर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

आधी उजेड बघा. सकाळी खिडकीपाशी फोटो काढा. कडक ऊन नको, ट्यूबलाईट आणि फ्लॅश बंद. उजेड गोधडीवर बाजूने पडू द्या. धावदोऱ्याने कापडाला बारीक उंचवटे येतात; बाजूच्या उजेडात त्यांची सावली पडते आणि हातकाम उठून दिसतं. समोरून फ्लॅश मारला की तीच गोधडी छापील चादरीसारखी सपाट दिसते. मग भावही चादरीचाच सांगतात.

खणाचं जरा वेगळं. बऱ्याच खणांत उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. कापड हललं की छटा बदलते. म्हणून एक फोटो कापड सरळ ठेवून, एक तिरपं धरून, असे दोन द्या.

आता मांडणी. नक्षीशेजारी साधं काहीतरी हवं. रंगीत ठिगळांची गोधडी फुलाफुलांच्या चादरीवर टाकली, तर नजर कुठेच ठरत नाही. साध्या चादरीच्या पलंगावर टाका, मागे मोकळी भिंत ठेवा. पलंगामुळे आकाराचा अंदाज येतो. तरी लांबी-रुंदी टेपने मोजून लिहाच.

गोधडीचे चार फोटो पुरेत: पूर्ण, जवळून टाके, मागची बाजू आणि पलंगावर. आधी कॅमेऱ्याची काच मऊ कापडाने पुसा. पूर्ण फोटो काढताना फोन बरोबर समोर धरा, नाहीतर चौकोन वाकडे दिसतात.

फिल्टर लावू नका. फोटो आणि कापड शेजारी धरून रंग ताडून बघा. जुन्या साडीची गोधडी असेल आणि कुठे डाग किंवा विरलेली जागा असेल, तर तीही दाखवा. लपवलेला डाग गिऱ्हाईक विसरत नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने एक वस्तू आणि तिचे फोटो आणायचे. वस्तू पिशवीतच ठेवायची. बाकीच्यांनी फोटो बघून रंग आणि आकार सांगायचा, मग पिशवी उघडायची. जुळलं, तरच तो फोटो गिऱ्हाईकाला पाठवायचा.