हृदयाच्या झडपा आणि आपली मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेल्या बाईने हृदयविकारावर काय बोलावे, असे तुम्हांस वाटेल. परंतु माझी शाळा सुटली ती याच दुखण्यामुळे. म्हणून अनुभवाचेच सांगते.

मी बारा वर्षांची असताना घसा दुखून ताप आला. आईने हळदीचे दूध दिले. घसा बरा झाला. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. तो उतरतो न उतरतो तोच घोटा धरला. डॉक्टरांनी संधिवाताचा ताप सांगितला व दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेण्यास बजावले. वर्षभर घेतले. पुढे कापूस वेचणीच्या दिवसांत एक चुकले, मग दुसरे चुकले. सूज नाही, ताप नाही, मग टोचून कशाला घ्यायचे, असे आम्हीच ठरविले.

दुसऱ्या खेपेस दिवस गेले तेव्हा पाण्याची बादली उचलली की धाप लागे. रात्री उताणे निजवेना. उशांना टेकून बसून राही. घरची म्हणत, "दोन जिवांची आहे, व्हायचेच." शेवटी इको तपासणीत कळले की, हृदयाची एक झडप आकसली आहे.

विहिरीतल्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह आपणांस ठाऊक आहे. पाणी वर जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. हृदयात अशा चार झडपा असतात. झडप आकसली तर रक्त अडते, गळू लागली तर मागे फिरते. घशातील विशिष्ट जंतूंशी झुंजताना शरीर चुकून आपल्याच सांध्यांवर व हृदयावर उलटते. सांध्यांची सूज जाते. झडपेवरचा घाव मात्र राहू शकतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना हा धोका अधिक. काही झडपा जन्मतःच सदोष असतात, काही म्हातारपणी कडक होतात.

धाप, छातीत धडधड, पायांवर सूज, भोवळ, लवकर थकवा ही लक्षणे अंगावर काढू नका. माझे बाळंतपण देखरेखीखाली सुखरूप झाले. नंतर नागपूरला जांघेतील शिरेतून फुगा नेऊन झडप उघडली. फुगा सर्वांना चालत नाही. कुणाची झडप दुरुस्त करतात, कुणाची बदलतात. धातूची झडप बसविली तर रक्त न गोठण्याची गोळी जन्मभर घ्यावी लागते. अशा बाईने दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे, कारण ती गोळी गर्भाला अपाय करू शकते.

पेनिसिलिन काही नवे नव्हे. आपल्या पिंपरीच्या सरकारी कारखान्यात ते १९५५ सालापासून बनू लागले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर अंगणवाडीत व शाळेत तपासणीस येतात, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा.

माझी एक विनंती आहे. आपल्या बचतीच्या वहीचे शेवटचे पान राखून ठेवू. ज्या घरच्या मुलाला हे इंजेक्शन चालू आहे, त्याची तारीख तिथे लिहू आणि आदल्या दिवशी त्याच्या आईला आठवण देऊ. डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत थांबायचे नाही. माझ्या आईला अशी आठवण देणारे कुणी नव्हते. आपण एकमेकींना आहोत.